दुकानांच्या दुभाषी पाट्या: संशोधन एकीकडे, डिझाइन दुसरीकडे. जोडायचं कसं?

टाकआणिटाइप, मुंबई

मंडळी, कम्युनिकेशन डिझाइनच्या पदव्युत्तर शेवटच्या वर्षाचा प्रकल्प चालू आहे. विषय मुंबईतल्या दुकानांच्या मराठी-इंग्रजी पाट्या. दुकाने व आस्थापना कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर देवनागरी नाव आधी हवं आणि त्याची अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत, हे लहान दुकानांनाही लागू झालं. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली आणि पाट्या घाईघाईने बदलल्या गेल्या. बहुतेक ठिकाणी इंग्रजी लोगो होता तसाच ठेवून त्याच्या डोक्यावर हाताला लागेल तो फॉन्ट चिकटवलेला दिसतो.

रानडे रोड, लालबाग आणि फोर्टमधल्या पाट्यांचे फोटो आहेत, दुकानदारांच्या आणि दोन पेंटरांच्या मुलाखती आहेत, गूगल फॉर्मवर घेतलेला सर्व्हे आहे. डिझाइनच्या बाजूला पोस्टर-मालिका आणि लेटरिंगचं, म्हणजे हाताने काढलेल्या अक्षरांचं, एक पुस्तक. मधल्या ज्युरीत, म्हणजे परीक्षकांपुढच्या सादरीकरणात, शेरा मिळाला की पहिला अर्धा भाग समाजशास्त्राचा प्रबंध वाटतो आणि दुसरा पोर्टफोलिओ; पहिला काढून टाकला तरी दुसऱ्यात काही फरक पडणार नाही. शेरा बरोबर आहे असं मलाही वाटतं, पण सुधारायचं कसं ते कळत नाही. १४ आठवडे हातात आहेत. मुलाखतींचं काय करू? पोस्टर टाकून देऊ का? आणि 'अक्षरं लहान नकोत' हे मोजायचं तरी कसं, पॉइंट साइजवर?

प्रबंधवाचक

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तुमचा प्रकल्प तिथेच आहे आणि तुम्ही त्याला शेपटीला टाकलंय.

पॉइंट साइज, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये फॉन्टला देतो तो आकडा, हे मोजमाप नाहीच. एकाच फॉन्टमध्ये १०० पॉइंटला इंग्रजी कॅपिटल आणि देवनागरी 'म' शेजारी ठेवा. देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार यांना जागा द्यावी लागते, म्हणून शिरोरेषेपासून पायापर्यंतचा अक्षराचा देह आखडता घेतलेला असतो. किती आखडायचा हे प्रत्येक फॉन्ट करणाऱ्याने आपापलं ठरवलंय. म्हणजे कागदोपत्री आकार सारखा असूनही डोळ्याला मराठी लहान दिसू शकतं. नियम पाळला आणि हेतू हुकला. या फटीत तुमचा संशोधन-प्रश्न बसतो: इंग्रजी कॅपिटलच्या किती पट उंची दिली की देवनागरी नाव डोळ्याला तेवढंच मोठं वाटतं, आणि नावात वर-खाली चिन्हं असली तर ते गुणोत्तर किती सरकतं?

या प्रश्नाची गंमत अशी की पाटी बनवल्याशिवाय त्याचं उत्तर मिळत नाही. 'दुभाषी पाट्यांचा सांस्कृतिक अभ्यास' या विषयाचं उत्तर वाचून आणि विचारून मिळतं, म्हणून तिथे डिझाइन शेवटी शोभेला उरतं. डिझाइनचे अभ्यासक क्रिस्टोफर फ्रेलिंग यांनी १९९३ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टच्या निबंधात तीन प्रकार मांडले: डिझाइनविषयी संशोधन, डिझाइनसाठी संशोधन आणि डिझाइनमधून संशोधन. तुमचे फोटो पहिल्यात जातात, सर्व्हे दुसऱ्यात, आणि तिसरी खोली रिकामी. ज्युरी तीच मागतेय.

स्वतःला एकच प्रश्न विचारत राहा: ही वस्तू बनवली नसती तर मला काय कळलं नसतं? पोस्टरांना विचारून बघा. उत्तर नसेल तर ती प्रबंधाबाहेर प्रदर्शनात जाऊ द्या, टाकून द्यायची गरज नाही. बाह्य परीक्षक तोंडी परीक्षेत हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतात.

मांडणीही बदला. 'साहित्याचा आढावा, पद्धती, निष्कर्ष, डिझाइन' ही उतरंड मोडा. प्रत्येक नमुना एक प्रकरण: काय शंका होती, काय बनवलं, कुठे तपासलं, काय फसलं, पुढच्या नमुन्यात काय बदललं. अशी तीन-चार प्रकरणं पुरतात. आढावा पंधरा पानांत बसवा, आणि अक्षराच्या भागांची नावं एकदा ठरवून शेवटपर्यंत तीच वापरा; बापूराव नाईकांचं १९७१ मधलं देवनागरी मुद्राक्षरांवरचं काम त्यासाठी ग्रंथालयात बसून बघाच. एका पानावर 'देह', दुसऱ्यावर 'काना-उंची', तिसऱ्यावर 'एक्स हाइट' असं झालं की तुमचे आकडे कुणालाच वापरता येत नाहीत.

अक्षरमोजणी

वरच्या प्रतिसादाशी सहमत. आता प्रत्यक्ष मोजायचं कसं ते लिहितो, जरा लांबेल.

आधी फोटो. आवडलेल्या पाट्यांचे फोटो हा पुरावा होत नाही. रस्त्याचा एक तुकडा ठरवा आणि एका बाजूची ओळीने प्रत्येक पाटी घ्या, कंटाळवाणी असली तरी. दोन-तीन वेगळ्या वस्त्यांतले असे तुकडे आणि प्रत्येकी ४० ते ६० पाट्या मिळाल्या तर चित्र दिसू लागतं. फोटो समोरच्या फुटपाथवरून काढा. खाली उभं राहून मान वर करून काढलेल्या फोटोत उंची दबते. फोनचा नेहमीचा कॅमेरा वाइड असतो, कडेची अक्षरं ताणतो, २एक्सवर ठेवा. मग चार कोपरे धरून फोटो सरळ करून घ्या.

तुम्हाला खरी उंची नकोय, गुणोत्तर हवंय. एकाच पाटीवरची दोन अक्षरं एकाच सपाट पृष्ठावर असल्यामुळे पिक्सेलमध्ये मोजून भागाकार केला तरी चालतो, शिडी आणि टेप लागत नाही. खरी उंची लागलीच तर शटरवर ए४ कागद चिकटवून फोटो घ्या. त्याची लांब बाजू २९७ मिमी. प्रत्येक पाटीवर चार गोष्टी नोंदवा:

देवनागरी देहाची उंची, शिरोरेषेच्या वरच्या कडेपासून पायापर्यंत (शिरोरेषा धरून, एकदा ठरवलं की बदलू नका). मोजायला ग, म, स, न यांच्यासारखं सरळ उभा दंड असलेलं अक्षर घ्या, र किंवा ट नको.
इंग्रजी कॅपिटलची उंची, सपाट डोक्याच्या अक्षराची. गोल अक्षरं रेषेच्या किंचित बाहेर गेलेली असतात.
उभ्या दंडाची जाडी, दोन्ही लिपींत.
पूर्ण नावाची रुंदी, दोन्ही लिपींत.

जाडी विसरू नका. उंची नियमात बसवून दंड निम्म्या जाडीचा ठेवला की मराठी नाव सावलीसारखं मागे जातं. माझ्या मते खरी मेख उंचीपेक्षा इथे जास्त आहे.

आता चाचणी. एक सापळा आधीच टाळा: 'किती लांबून वाचता येतं' याच्या मागे लागू नका. निरोगी (६/६) नजरेला अक्षराची उंची डोळ्याशी ५ मिनिटांचा, म्हणजे एका अंशाच्या बाराव्या भागाचा, कोन करत असेल तर ते ओळखता येतं. १२ मीटर रुंद रस्त्यापलीकडून हा हिशोब साधारण १७.५ मिमी येतो. दुकानाच्या पाटीवरची अक्षरं सहज २०० मिमी असतात, म्हणजे कागदावर ती १३० मीटरच्याही पुढून वाचता यायला हवीत. देवनागरीतली जोडाक्षरं यापेक्षा मोठी लागतात हे खरं, पण तरीही दिवसाच्या उजेडात समोरून वाचता येणं हा प्रश्नच नाही. अडचण येते ती तिरक्या कोनात, गर्दीत आणि ओझरत्या नजरेत. फुटपाथवरून चालणाऱ्याला पाटी समोरून दिसतच नाही. समोरच्या दिशेपासून ६० अंश सरकलात की रुंदी निम्मी दिसते, उंची तेवढीच राहते. आधीच कंडेन्स्ड, म्हणजे अरुंद केलेला, फॉन्ट असेल तर भ आणि म, घ आणि ध, ब आणि व एकमेकांत मिसळतात आणि ख चा रव होतो.

म्हणून दोन चाचण्या करा.

पहिली, दिसणाऱ्या आकाराची. इंग्रजी कॅपिटल १०० मिमीवर स्थिर ठेवा. देवनागरी देह ९०, १००, ११०, १२०, १३० मिमी असे पाच नमुने, दंडाची जाडी इंग्रजीइतकीच. नावं तीन: 'कमल' (वर-खाली काहीच नाही), 'सावंत' (अनुस्वार), 'कुलकर्णी' (उकार, रफार, वेलांटी सगळं). हेच तीन नाव-प्रकार का, तर वरची चिन्हं असलेला शब्द उंच वाटतो, आणि 'कमल'वर मिळालेलं गुणोत्तर 'कुलकर्णी'ला लावलं तर मराठी अकारण अंगावर येईल. प्रत्येक पट्टी भिंतीवर लावून एकच प्रश्न: वरचं नाव मोठं दिसतं की खालचं? 'सारखंच' हा पर्याय देऊ नका, सगळे तोच निवडतात. ज्या उंचीला निम्मे लोक मराठी आणि निम्मे इंग्रजी म्हणतात, ते तुमचं गुणोत्तर.

इथे हमखास चूक होते ती जागेची. वरची ओळ मुळातच मोठी भासते. कायद्याप्रमाणे मराठी वर असलं तरी चाचणीत निम्म्या पट्ट्यांवर ते खाली हवं, नाहीतर तुम्ही जागेचा परिणाम मोजाल आणि लिपीचा समजून बसाल.

दुसरी, ओझरत्या नजरेची. एका दुकान-रांगेच्या फोटोत तुमची पाटी बसवा आणि ती पडद्यावर २०० मिलिसेकंद दाखवा, लगेच नंतर अक्षरांच्या तुकड्यांची गिचमिड असलेलं चित्र. गिचमिड नसेल तर डोळ्यासमोर ठसा राहतो आणि माणूस त्यावरून वाचतो. पॉवरपॉइंटच्या टायमरवर विसंबू नका; सायकोपाय हे अशा चाचण्यांचं सॉफ्टवेअर मोफत आहे, त्यात फ्रेम मोजता येतात. साध्या ६० हर्ट्झ पडद्यावर २०० मिलिसेकंद म्हणजे १२ फ्रेम. १२ मीटरवरचं २०० मिमीचं अक्षर ६० सेमीवर बसलेल्या माणसाला १० मिमीचं दाखवायचं. २४ इंची फुल एचडी पडद्यावर ते जेमतेम ३६ पिक्सेल होतं, तेव्हा याहून लहान गेलात तर अनुस्वार पडद्यामुळे बुजेल आणि दोष फॉन्टला लागेल. तेवढ्या लहान आकाराची चाचणी छापील कागदावरच घ्या.

ओळखीची नावं या दुसऱ्या चाचणीत नकोत. 'कुलकर्णी' पहिल्या अक्षरावरूनच कुणीही पूर्ण करतो. न ऐकलेली पण उच्चारता येणारी नावं बनवा: भोळवण / मोळवण, घारटे / धारटे. बरोबर-चूक एवढंच नोंदवू नका, काय वाचलं ते लिहा. 'भ' ला दहा जणांनी 'म' वाचलं, तर पुढच्या नमुन्यात गाठ कुठे उघडायची ते तिथेच कळतं.

फॉन्टबद्दल: नमुने बनवायला बदलता येईल असा फॉन्ट हवा. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बलू ओपन फॉन्ट परवान्याखाली आहेत. बदललेला फॉन्ट पुढे वाटणार असाल तर परवान्यातली नावाची अट वाचा, आणि नाव बदललेलंच बरं. आणि पाट्यांवर सर्रास दिसणारा मंगल हा अक्षरकार र. कृ. जोशींनी विंडोजसाठी केलेला, पडद्यावर लहान आकारात वाचायचा फॉन्ट. तो दोन फूट उंच करून एसीपीवर (पाट्यांसाठी वापरतात त्या अॅल्युमिनियम कंपोझिट शीटवर) ठोकला तर दोष जोशींचा नाही.

पाटीवाला_लालबाग

मोजमाप ठीक. पण पाटी कागदावर नसते, लोखंडी फ्रेमवर असते. कारखान्यात काय होतं ते प्रबंधात आलं नाही तर तुमचं गुणोत्तर पहिल्या पावसाळ्यापर्यंत टिकेल.

एसीपीची शीट साधारण ४ बाय ८ फूट. इंग्रजी अक्षरं सुटी कापतात, त्यामुळे नाव कितीही लांब चालतं. मराठी नाव शिरोरेषेमुळे एक सलग तुकडा होतं. लांब नाव शीटमध्ये किंवा लेझरच्या बेडवर बसत नाही, मग कापणारा त्याला सोयीच्या जागी तोडतो, आणि ती जागा बऱ्याचदा दंडाला लागून असते. दुरून ती चीर नवीन दंडासारखी दिसते. जोड दोन अक्षरांच्या मधोमध शिरोरेषेत द्या, सरळ नको, तिरका काप द्या, आणि फाइलमध्येच तो दाखवून ठेवा. कारागिरावर सोडलंत तर तो त्याचं शहाणपण वापरणार.

३ मिमी अॅक्रिलिकमध्ये शिरोरेषा बोटभर तरी रुंद ठेवा. त्याहून बारीक असली की उचलतानाच तडकते, तीही नेमकी काना आणि पुढच्या अक्षराच्या मधे, कारण तिथे खाली आधार नसतो. अनुस्वार, सुटा नुक्ता (अक्षराखालचं टिंब) हे वेगळे तुकडे. ते नुसते चिकटवले तर ऊन-पावसात सुटतात, आणि 'सावंत'चं 'सावत' होतं. प्रत्येक टिंबाला मागून स्वतःचा स्टड, म्हणजे पाटीत रुतणारी छोटी दांडी, द्या. टिंब इतकं छोटं असेल की स्टड बसत नाही, तर टिंब मोठं करा, हाच तुमचा डिझाइनचा निर्णय आणि त्याचं कारणही तयार.

एलईडीची अक्षरं असतील तर उलटा हिशोब. आत दिव्यांची मॉड्यूल बसायला दंड साधारण इंचभर तरी लागतो, पण रात्री उजेड कडेबाहेर सांडतो आणि दंड आहे त्याहून जाड दिसतो. ध ची शिरोरेषेतली फट भरून जाते आणि तो घ दिसतो. म्हणून दिवसाला बरोबर दिसणारी जाडी रात्री चालत नाही. तुमचे नमुने रात्रीचेही तपासा. नाहीतर 'दंडाची जाडी इंग्रजीइतकीच' हे वरचं वाक्य फक्त दुपारपुरतं खरं.

पेंटरांच्या मुलाखतींबद्दल. 'तुम्ही आकार कसा ठरवता?' असं विचारलंत तर 'नजरेने' एवढंच उत्तर येणार, आणि ते खोटं नाही. विचारू नका, करायला लावा. दोन फळ्या द्या, एक लांबट एक चौरस, आणि एकच नाव दोन्हींवर मराठी-इंग्रजीत लिहायला सांगा. वरून मोबाइल लावून चित्रीकरण करा, हातही दिसला पाहिजे. आधी कुठली रेघ मारतो ते बघा. मराठीसाठी खडूच्या दोऱ्याने शिरोरेषा मारून अक्षरं तिला टांगतात, इंग्रजीसाठी खालची रेघ आधी. दोन्ही एकाच पाटीवर आली की कुठली रेघ आधी मारली त्यावर मधलं अंतर ठरतं. काम झाल्यावर त्यालाच चित्रीकरण दाखवा आणि जिथे हात थांबला तिथे विचारा. अशा वेळी माणूस बोलतो. त्याच्या दिवसाची मजुरी द्या, चहावर भागवू नका.

शाईचा_डाग

एक वेगळा सूर लावतो. वरचं सगळं झालं की तुमच्याकडे 'वाचता येणारी' पाटी असेल, पण सराफाची आणि हार्डवेअरवाल्याची पाटी सारखीच. दुकानदार पाटीवर पैसे घालतो ते दुकानाचा बाज दिसावा म्हणून. लेटरिंगचं तुमचं पुस्तक म्हणूनच टाकू नका, त्याला प्रश्न जोडा.

एकच आडनाव घ्या, 'सावंत'च चालेल, आणि ते बारा वळणांत लिहा: बोरूचं, सपाट ब्रशचं, जाड गोलसर, बारीक दंडाचं, कोपरे कापलेलं वगैरे. रंग सगळ्यांना काळाच. पोस्टकार्डाएवढे प्रिंट काढा आणि लोकांना सांगा, ही बारा दुकानं आहेत, मिठाई, साडी, हार्डवेअर, सराफ, खाणावळ असे गट लावा. जे वळण बहुतेकांनी एकाच गटात टाकलं त्यावर पुढे काम करा. जे सगळीकडे विखुरलं ते सोडा. मग एकेक गुण बदला. फक्त दंडाची टोकं गोल केली तर हार्डवेअरचं मिठाई होतं का? ही मोजणीच आहे, पण हात मोकळा ठेवून. 'आधुनिक / पारंपरिक' अशा जोड्या देऊन १ ते ७ गुण मागू नका, सगळे ४ लिहितात.

संदर्भासाठी जुन्या दिवाळी अंकांतल्या जाहिराती बघा, दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात दुपार घालवली तरी भरपूर सापडेल.

प्रबंधवाचक

शाईचा_डाग यांच्याशी अर्धा सहमत. गट लावण्याची चाचणी उत्तम, पण १४ आठवड्यांत दोन्ही प्रश्न पेलणार नाहीत. एक मुख्य ठेवा. मी असतो तर गुणोत्तर मुख्य आणि 'बाज' हा शेवटच्या प्रकरणातला प्रयोग: गुणोत्तर पाळूनही वळणं किती वेगळी होऊ शकतात हे दाखवायला सराफ आणि हार्डवेअर अशा दोनच पाट्या, पूर्ण आकारात.

टाकआणिटाइप

सगळ्यांचे आभार, डोकं ठिकाणावर आलं. तीन शंका उरल्या. किती माणसं पुरतील? गाइड म्हणतात १०० हवीत. रेल्वे स्टेशनबाहेर चाचणी घेतली तर चालेल का? आणि 'प्रक्रियेची नोंद' म्हणजे नक्की काय द्यायचं, स्केचबुक स्कॅन करून जोडू?

अक्षरमोजणी

१०० हा सर्व्हेचा आकडा आहे. इथे प्रत्येक माणूस खूप उत्तरं देतो. पाच उंच्या, तीन नावं, वर-खाली दोन जागा: एका माणसाकडून ३० उत्तरं, दहा मिनिटांत होतात. २४ माणसं घेतलीत तर प्रत्येक उंचीला प्रत्येक नावाची ४८ उत्तरं मिळतात, तेवढ्यात वळण स्पष्ट दिसतं. मात्र एकूण ७२० उत्तरं म्हणजे ७२० माणसं असं लिहू नका, संख्याशास्त्र माहीत असलेला परीक्षक तिथेच पकडतो. तीन नावांचे सहा क्रम होतात, म्हणून माणसं ६ च्या पटीत घ्या आणि प्रत्येक क्रम सारख्याच वेळा वापरा. निम्मी माणसं रोज मराठी वाचणारी, निम्मी देवनागरी येते पण वाचन मुख्यतः इंग्रजीत किंवा हिंदीत अशी. मुंबईत हा फरक टाळून चालणार नाही. ल आणि श ची मराठी वळणं हिंदी वाचणाऱ्याला अडतात का, हेही जाताजाता कळेल. सगळी वर्गमित्र-मंडळी नकोत, डिझाइनचे विद्यार्थी पॉइंट साइज ओळखायला बघतात.

आणि चाचणीआधी नजर तपासा. चष्मा जवळचा की लांबचा विचारा. चाळिशीचा चष्मा लावून चार मीटरवरची पट्टी बघणारे हटकून भेटतात.

स्टेशनच्या हद्दीत लोकांना थांबवून, स्टँड लावून काही करायचं तर रेल्वेची परवानगी घ्यावी लागते, त्यात आठवडे जातील. कॉलेजच्या व्हरांड्यात करा. एका दिशेचा उजेड, पट्टीवर झगझगाट नको, म्हणून मॅट कागद. ग्लॉस लॅमिनेशन केलेल्या पट्टीवर ट्यूबलाइटची रेघ पडली की ती शिरोरेषेत मिसळते. संमतीचा साधा मराठी कागद द्या, नाव न लिहिता क्रमांक द्या, अठराखालचे घेऊ नका.

प्रबंधवाचक

स्केचबुक स्कॅन करून जोडणं म्हणजे परीक्षकाला गठ्ठा देणं. नोंद म्हणजे निर्णयांची नोंद. साधी एक्सेल पुरते, रकाने पाच: नमुना क्रमांक, कुठली एक गोष्ट बदलली, कशामुळे (चाचणीतलं निरीक्षण, पेंटरचा हात, कारखान्याची अडचण), कुठला पर्याय सोडला, पुढे काय बघायचं. 'बरं दिसलं म्हणून' हे कारण चालतं, पण तसंच लिहा. मागाहून त्याला सिद्धांताचा मुलामा देऊ नका.

फाइल कधीही ओव्हरराइट करू नका. नावातच बदल लिहा: 'सावंत_०७_दंड१४_टिंब२२'. सातव्या आणि आठव्या नमुन्यात एकाच वेळी दंड, टिंब आणि अंतर तिन्ही बदललं असेल तर आठवा चांगला का ते सांगता येणार नाही. मधले दोन नमुने करून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. चाचणीत वापरलेल्या पट्ट्याही जपा आणि मागे तारीख, अंतर, उजेड लिहून ठेवा.

प्रबंधात यातले दहा-बारा नमुनेच घ्या, एका पानावर एक, शेजारी तीन-चार ओळींची टीप. बिल गेव्हर आणि जॉन बाउअर्स या डिझाइन-संशोधकांनी २०१२ मध्ये टिपांसह पोर्टफोलिओची कल्पना मांडली ती अशीच: वस्तू समोर, आणि तिच्यातून काय कळलं ते शेजारी. तुमच्या मुलाखतीही इथेच जिरतील. पेंटरचं वाक्य वेगळ्या प्रकरणात न ठेवता, ज्या नमुन्यात त्यामुळे रेघ सरकली त्याच्या टिपेत टाका. जी मुलाखत एकाही टिपेत बसली नाही ती परिशिष्टात.

पाटीवाला_लालबाग

एक राहिलं. शेवटी पूर्ण आकाराची एक तरी पाटी खऱ्या दुकानावर लावा, आणि पैसे कारखान्याला आगाऊ देण्याआधी १:१ फ्लेक्स प्रिंट काढून दोन दिवस तिथेच बांधून बघा. फ्लेक्स स्वस्त पडतो, कापलेलं अॅक्रिलिक परत जोडता येत नाही. दुकानदाराकडून लिहून घ्या की पाटी त्याच्याकडे राहील आणि फोटो तुम्हाला वापरता येतील. आणि मान्सून यायच्या आत लावा, म्हणजे सादरीकरणापर्यंत टिंबं जागेवर राहिली का तेही दिसेल.